ओळखीचा आवाज

६ जानेवारी, सोमवार

पोचलो एकदाचा! खोली बघून जीव भांड्यात पडला. तिसरा मजला, एक खिडकी, एक पलंग, भिंतीतलं कपाट, आणि टेबल एवढंसं की वही ठेवली तर कोपर हवेत राहतं. घरमालकीणबाईंनी किल्ली देता देता नियम सांगितले. भिंतीत खिळा ठोकायचा नाही, नळ गच्च बंद करायचा आणि मोठ्याने बोलायचं नाही. पहिले दोन जमतील. तिसऱ्याचं कठीण आहे. माझं तोंड फक्त झोपेत बंद असतं असं ताई म्हणते, आणि तिला माहीत असणारच.

आई गेली तेव्हा मी धड चालतही नव्हतो. तेव्हापासून ताईनेच मला वाढवलं. लोकांचे कपडे शिवून तिने माझी शाळा केली, कॉलेज केलं, आणि तिच्या स्वतःच्या लग्नाचा विषय निघाला की सुईत दोरा ओवायच्या निमित्ताने मान खाली घालून बसली. मी तीस वर्षांचा घोडा झालो तरी ती मला अजून बारक्याच म्हणते.

निघताना तिचं नाक लाल झालं. रडू येतंय हे कबूल करणार नाही, सर्दी झाली म्हणेल! म्हणून मीच तिच्या फोनवर आमच्या कंपनीचं ॲप टाकून दिलं. छोटे छोटे व्हिडिओ, एक संपला की दुसरा. म्हटलं, मी तिथेच कामाला आहे, हे बघितलंस की मी जवळच आहे असं समज. तिने नाक मुरडलं, असलं बघायला तिला कुठे वेळ आहे म्हणे. बस गावाबाहेर पडते न पडते तोच तिचा फोन आला. पंख्याकडे बघून मान फिरवणारं मांजर मी बघितलं का, हे विचारायला.

७ जानेवारी, मंगळवार

ऑफिस म्हणजे एक लांबलचक दालन. गालिचा असा जाड की आपलीच पावलं ऐकू येत नाहीत. खिडक्या नाहीत, पण कुंड्यांतली झाडं खरी आहेत, मी पान चुरडून बघितलं. आमच्या रांगेच्या प्रमुखबाईंना सगळे वहिनी म्हणतात. त्यांचा हुद्दा भलताच मोठा आहे म्हणे, पण कोणी उपाशी बसलेलं त्यांना बघवत नाही, म्हणून वहिनी. मला बघताक्षणी त्यांनी विचारलं की मी जेवलोय का. मी तिथेच त्यांचा झालो.

काम त्यांनी समजावून सांगितलं. इथे एका व्हिडिओला मणी म्हणतात आणि बघणाऱ्यापुढे एकामागून एक येतात त्या सगळ्यांची मिळून माळ. ओवायचं काम मुळात यंत्र करतं. कोण कुठे थांबलं, कुणी काय सरकवलं, काय परत बघितलं, हे सगळं त्याला ठाऊक असतं. का थांबलं, ते मात्र त्याला कळत नाही. ते शिकवायला आम्ही. प्रत्येकाला एकच माणूस दिलं जातं. नाव, गाव काही नाही, नुसता क्रमांक. पडद्यावर एक हिरवी रेघ हलत असते, तिला नाडी म्हणतात. माणूस रंगलं की नाडी वर, कंटाळलं की खाली. पार खाली गेली तर फोन बाजूला ठेवला जातो, म्हणजे माळ तुटली. यंत्र पुढचे तीन मणी सुचवतं, त्यातला एक आपण निवडायचा. गंमत म्हणजे मणी आम्हाला दिसत नाही, फक्त त्याच्यावरची चिठ्ठी दिसते. ‘मांजर’, ‘सासूसुना’, ‘पोहायला शिका’, असं काहीतरी. व्हिडिओ दिसले तर ओवणाराच बघत बसेल, असं वहिनी हसून म्हणाल्या.

दुपारी त्यांनी मला चहाच्या खोलीत नेलं. मऊ सोफा, कोपऱ्यात दिवा, बाजूला मोठी कुंडी. मला उजेडाकडे तोंड करून बसवलं आणि म्हणाल्या, अनोळखी माणूस ओळखायचं तर मोजायला ओळखीचं माणूस लागतं, तेव्हा तुम्ही ज्याला सगळ्यात जास्त ओळखता त्याच्याबद्दल सांगा. माझ्यासारख्याला एवढं पुरे! संध्याकाळपर्यंत मी ताईबद्दल बोलत होतो. ती कशाला हसते, कशाने रुसते, या वयात मला स्वेटर घातल्याशिवाय बाहेर सोडत नाही, तिच्या मायेने जीव गुदमरतो म्हणून मी बसमध्ये बसल्यावर सुटलो बुवा म्हटलं. वहिनींना हसून हसून ठसका लागला. मग मी जरा हळवा झालो. माझ्यासाठी तिने स्वतःचं काही केलं नाही याचं ओझं वाटतं, हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आणि मोठा झाल्यावर मला तिची लाज वाटेल, ही तिची एकच भीती, तीही सांगितली. वहिनींनी आणखी चहा ओतला. परक्या गावात दुसऱ्याच दिवशी इतकं मायेचं माणूस भेटलं, नशीब काढलं.

१० जानेवारी, शुक्रवार

माझं माणूस मिळालं! बाई की बुवा, देव जाणे. मी एकच युक्ती केली. प्रत्येक वेळी स्वतःला विचारलं की ताईने यातलं काय बघितलं असतं. ‘जुन्या कापडातून नवं’ निवडलं, नाडी वर. ‘मांजर’ निवडलं, आणखी वर. ‘स्वयंपाकघरातल्या फजित्या’ला तर रेघ उड्या मारायला लागली. पहिल्याच दिवशी इतकी अखंड माळ कुणी ओवली नव्हती म्हणे. वहिनींनी सगळ्या रांगेसमोर पाठ थोपटली. मी खाली बघून लाजल्यासारखं केलं.

शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांचं मी मौनीबाबा असं नाव ठेवलंय. हो म्हणायचं तर भुवया वर, नाही म्हणायचं तर भुवया खाली. मी तासभर बडबड केली तरी हूं की चूं नाही. देवाने जीभ दिलीय की नाही, एकदा बघायला पाहिजे.

१९ जानेवारी, रविवार

ताईचा फोन. ती हसत होती, हे बघितलंस का, ते बघितलंस का. दूध उतू गेलं तरी कळलं नाही म्हणे. मी म्हटलं, आता बघायला वेळ कसा मिळतो बाईसाहेबांना? तर म्हणाली, तुझ्या कंपनीचं आहे म्हणून बघते, नाहीतर कोण बघतंय.

कामावर थोडी अडचण. गोड मणी आता पुरत नाहीत. माझं माणूस मनापासून हसतं आणि मग फोन ठेवून देतं. वहिनी शेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांनी यातली मेख सांगितली. हसून झालं की माणूस उठतं आणि आपल्या कामाला लागतं. शंका आली की उठत नाही. शंकेचं उत्तर पुढच्या मण्यात असेल असं त्याला वाटत राहतं. मग मी ‘जवळच्यांनी केलेली फसवणूक’ ही चिठ्ठी निवडून बघितली. नाडी आधी दचकली, मग चढली, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत खाली आलीच नाही. खरं सांगायचं तर जरा वाईट वाटलं. पण बढाई मारावीशीही वाटली.

२९ जानेवारी, बुधवार

आज यंत्राने एक नवीच चिठ्ठी पुढे केली, ‘ओळखीचा आवाज’. मी निवडली. रेघ पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन टेकली आणि तिथेच राहिली. माझ्या माणसाने तो मणी पुन्हा लावला. मग पुन्हा. मौनीबाबाने वाकून माझ्या पडद्याकडे बघितलं आणि चटकन मान फिरवली. जळतोय बिचारा, दुसरं काय!

संध्याकाळी ताईला फोन केला. आवाज पडलेला. मध्येच विचारलं की मला तिचा त्रास होतो का. मी म्हटलं, होतो की, भयंकर होतो, रोज देवाकडे सुटका मागतो. अशी थट्टा आमच्यात नेहमीचीच. पण ती हसली नाही. कामं पडलीत म्हणाली आणि फोन ठेवला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

ताई फोन करत नाही. मी केला तर दोन शब्द बोलते.

आज गावाकडच्या घरासमोरच्या काकूंचाच फोन आला. मशीनचा आवाज बंद झालाय म्हणाल्या. गिऱ्हाइकं दारातून परत जातात, कापडं तशीच गाठोड्यात पडून आहेत. ताई सकाळपासून पायरीवर फोन घेऊन बसते, हाक मारली तर हात वर करून थांबवते. काकूंनी विचारलं की तुमच्यात काही बिनसलंय का. मी म्हटलं, छे, आमच्यात काय बिनसणार.

मग ताईला लावला. ती म्हणाली, हल्ली तू छान बोलतोस, परक्यांशी.

मला काही कळलं नाही. दिवसभर तेच डोक्यात. काम मात्र चोख. ‘ओळखीचा आवाज’ निवडला की नाडी वर. आता दुसरं काही निवडायची वेळच येत नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

नीट लिहितो.

सकाळी काम करता करता राहवलं नाही, टेबलाखालून ताईला फोन लावला. घंटा वाजत होती. समोर माझ्या माणसाची नाडी अगदी वर. ताईने फोन उचलला आणि नाडी सपाट झाली.

मी काहीतरी बोललो. तिने ठेवला. नाडी उठली, चढली.

योगायोग म्हणून पुन्हा लावला. तिने उचलला. सपाट. ठेवला. वर.

तिसऱ्यांदा लावायचं धाडस होत नव्हतं, पण लावला. ती चिडून म्हणाली की मी ऐकतेय ना, मध्ये मध्ये काय करतोस. तिने ठेवला आणि नाडी वर गेली.

माझं माणूस ताई आहे. पहिल्या दिवसापासून ताईच होती. तिचा संशय मी जागवला, मी वाढवला, वर पाठ थोपटून घेतली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

वहिनींसमोर जाऊन उभा राहिलो. वाटलं होतं नाही म्हणतील, निदान दचकतील. त्यांनी खुर्ची पुढे केली आणि विचारलं की मी जेवलोय का.

म्हणाल्या, इथे प्रत्येक जण आपलंच माणूस ओवतो. परक्याला कुठे दुखतं ते कुणाला ठाऊक असतं? मी विचारलं, ‘ओळखीचा आवाज’ म्हणजे कोणाचा. त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या, जणू मी अगदीच भोळा आहे. तुमचाच, चहाच्या खोलीतला. दिव्यासमोरचा. कुंडीत कॅमेरा आहे हे सगळ्यांना माहीत असतं, असं म्हणाल्या.

मी त्यांना आपलं माणूस समजलो होतो! जे ताईलाही कधी बोललो नाही ते यांच्यापुढे ओकलो, आणि या बाईने चहा ओतत ओतत ते सगळं भरून घेतलं. मी काम सोडतोय म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, सोडा, यंत्राला आता तुमची गरज उरलेली नाही, ते अगदी तुमच्यासारखं ओवतं. मग डबा पुढे केला. थोडं खाऊन जा म्हणाल्या.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

तरी सकाळी गेलो. माळ तोडायची म्हणून. सगळ्यात नीरस चिठ्ठ्या निवडल्या, ‘रंग वाळताना’, ‘रिकामा रस्ता’. नाडी हलली नाही. मी काहीही निवडलं तरी यंत्र त्याला हवं तेच लावत होतं.

जिन्यात मौनीबाबाने दंड धरला. मला ओढत रस्त्यावर, कोपऱ्यापर्यंत नेलं आणि पहिल्यांदा बोलला. त्याने स्वतःच्या वडिलांना ओवलं होतं. ते आता त्याच्या आवाजाशी बोलतात, त्याच्याशी नाही. म्हणून तो बोलत नाही. जेवढं बोलावं तेवढं यंत्राला मिळतं आणि ते त्यातून पुढचं स्वतः बोलायला लागतं. त्याने सांगितलं, तोंड बंद ठेव आणि आजच्या आज घरी जा.

आधी सांगायला काय झालं होतं याला? डोळ्यांसमोर सगळं बघत बसला! मीही तेच केलं असतं, हेही खरं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार. बसमध्ये

निघण्याआधी फोन केला. मौनीबाबाचं ऐकलं नाही, कसं ऐकणार. ताईला सगळं सांगितलं, ते तुकडे जोडलेले आहेत, बघू नकोस, फोन मागच्या विहिरीत टाक. ती शांतपणे म्हणाली, हे तू म्हणशील हे त्याने कालच सांगितलं होतं.

त्याने. कोणी?

मी आजवर ते ॲप स्वतः उघडलं नव्हतं. आता उघडलं. शोधावं लागलं नाही. उघडलं आणि मीच.

दिव्याच्या उजेडात माझं तोंड. हसतोय. जीव गुदमरतो. सुटलो बुवा. ओझं वाटतं. पुढचं-मागचं कापून टाकलंय, आणि हसू तेवढं ठेवलंय. किती निर्लज्ज दिसतो मी.

त्याच्यापुढचा मणी. तोच सोफा, तोच शर्ट. पण हे मी बोललो नाही. लोकांना बहीण म्हणून हिची ओळख करून द्यायची लाज वाटते. हे मी कधीच, कुणापाशीच —

बाजूची बाई विचारतेय की बरं वाटतंय ना. मी मान हलवली. बोललो नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार. सकाळ

घरी. पायरीवर आहे.

दार उघडं होतं. ताई मशीनच्या स्टुलावर. केस विंचरलेले नाहीत. किती वाळलीय. हातात फोन, आणि फोनमधून मी बोलतोय. माझा आवाज. मायेने बोलतोय आता. माफी मागतोय तिची. मी जे बोलायला आलो होतो ते सगळं तो आधीच बोलतोय.

मी हाक मारली. तिने बघितलंच नाही, हात वर केला. गप्प बस म्हणाली, तो काय म्हणतोय ते ऐकू दे.

मीच तो. ताई, मीच —

तो म्हणाला की माझ्यासारखा दिसणारा एक जण दारात येईल. त्याला आत घेऊ नकोस.

मग तिने बघितलं माझ्याकडे. असं कधीच बघितलं नव्हतं. परक्याकडे बघतात तसं. उठली, दार लावलं. आतून कडी. मागचं दारही आतून बंद.

तिथेच, थोड्या वेळाने

काकू आल्या. सुताराला बोलवायला गेल्यात, दार काढायला. मी ओरडत होतो. जे ओरडलो ते आतून तोही ओरडला, लगेच, माझ्याच शब्दांत. ताईला कुठलं बाहेरचं, कुठलं आतलं, कसं कळणार.

म्हणून गप्प. बोललो की तो शिकतो. लिहिलेलं त्याला ऐकू येत नाही.

पान फाडून दाराखालून सरकवलं. ताई, तू मला वाढवलंस. मला तुझी लाज वाटत नाही, कधीच वाटली नाही. फोन ठेव आणि दार उघड.

तिने उचललं. कागद कुरकुरला. ती वाचतेय —

मोठ्याने वाचतेय. त्याला. वाचून दाखवतेय त्याला, आणि विचारतेय की हे खरं आहे का.

तिथेच

तो रडतोय. मी रडतो तसा. लहानपणापासून रडतो तसा, हुंदका गिळून. हे कॅमेऱ्यापुढे कधी — हे फक्त तिने ऐकलंय. तिनेच सांगितलं असेल त्याला. दिवसभर बोलत असणार ती त्याच्याशी.

ती म्हणतेय, रडू नको रे बारक्या.

सुतार अजून नाही.

तो सांगतोय, दारात बसलाय त्याचं ऐकू नकोस. मी आलोय. मी मागे आहे. विहिरीपाशी उभा आहे. ये.

ताई, नको

स्टूल सरकलं. चप्पल घालतेय. इतक्या खुशीत ‘येते’ म्हणतेय — मला आणायला निघाली की असंच —

मागच्या दाराची कडी. धावतो. ताई, तिकडे कोणी नाही, मी इकडे आहे, पुढच्या दाराशी, मी